चिनी प्रवाशांच्या जहाजयाद्या : वाचनाचा एक अनुभव

एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून, विशेषतः पर्ल नदीच्या मुखाभोवतालच्या ग्वांगडोंग प्रांतातून, जी लक्षावधी माणसे समुद्रमार्गे परदेशी गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही आणि ज्यांनी लिहिले त्यांचेही फारच थोडे टिकले. हाँगकाँग, मकाऊ किंवा अमॉय या बंदरांतून सुटून सॅन फ्रान्सिस्को, मेलबर्न किंवा हवानाला लागलेल्या जहाजांच्या प्रवासी याद्या हा त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा अनेकदा एकमेव लेखी पुरावा ठरतो. प्रवासी यादी म्हणजे जहाजाच्या कप्तानाने बंदरातील जकात अधिकाऱ्याला शपथेवर सादर केलेला, जहाजावर कोण कोण होते हे सांगणारा तक्ता. या तक्त्यांवर दीर्घकाळ काम करणाऱ्या अभ्यासकाला सर्वांत आधी जी सवय लावून घ्यावी लागते ती अशी, की नावे वाचण्यापूर्वी रकाने वाचावेत आणि रकाने वाचण्यापूर्वी ते ज्या कायद्याने आखले गेले तो कायदा वाचावा. कोणतीही यादी आपणहून तयार होत नाही. कोणीतरी काहीतरी विचारलेले असते आणि जे विचारलेच गेले नाही ते यादीत सापडण्याची आशा धरणे व्यर्थ असते.

अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर प्रवाशाचे नाव, वय, लिंग, व्यवसाय आणि देश नोंदवण्याची सक्ती केली. या कायद्याचा रोख जहाजांवरील गर्दीवर होता. कोणाला येऊ द्यावे आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्याने उपस्थित केला नव्हता. ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये केलेला चिनी प्रवाशांविषयीचा कायदा सात दिवसांहून लांबचा प्रवास करणाऱ्या आणि वीसहून अधिक आशियाई प्रवासी नेणाऱ्या जहाजांना लागू होता, आणि जागा, अन्न व पाणी पुरेसे आहे की नाही हे पाहण्याबरोबरच माणसे आपल्या इच्छेने चालली आहेत की नाही याची खातरजमा करण्याचे काम त्याने बंदरावरील अधिकाऱ्याकडे सोपवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने मात्र दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे दहा पौंड कर असा नियम केला. याचा परिणाम मेलबर्नच्या याद्यांवर झाला आणि तेथील चिनी प्रवाशांचे आकडे घसरले. ज्याने फक्त मेलबर्नची दफ्तरे चाळली त्याला स्थलांतर ओसरले असे वाटेल. परंतु कर चुकवण्यासाठी जहाजे शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या छोट्या बंदरात माणसे उतरवू लागली होती आणि १८५७ च्या सुमारास तेथे उतरलेले हजारो चिनी खाणकामगार शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचत होते. एका बंदराची यादी एकटी वाचू नये हा धडा या प्रकरणाइतका स्पष्टपणे क्वचितच मिळतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे प्रकरण निराळे आणि अधिक क्लेशदायक आहे. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर चिनी प्रवाशांचा ओघ वाढत गेला आणि १८५२ या एका वर्षात सुमारे २०,००० चिनी या बंदरात उतरले. पुढे पॅसिफिक मेल कंपनीचे ‘कोलोरॅडो’ हे जहाज १ जानेवारी १८६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून आशियाकडे निघाले आणि पॅसिफिक महासागर ओलांडणारी नियमित आगबोट वाहतूक सुरू झाली, तेव्हा शिडाच्या जहाजाचा दीड-दोन महिन्यांचा प्रवास महिन्याभरावर आला. या काळातील आगमनाच्या सरकारी याद्या मात्र आज जवळजवळ नाहीत, कारण १८५१ आणि १९४० या दोन वर्षी लागलेल्या आगींत त्या नष्ट झाल्या. त्यांची भरपाई अभ्यासकांनी तत्कालीन वृत्तपत्रांतील जहाज-आगमनाच्या स्तंभांवरून करण्याचा चिकाटीचा प्रयत्न केला आहे. परंतु वृत्तपत्रे वरच्या वर्गातील, म्हणजे केबिनमधील, प्रवाशांची नावे छापत आणि स्टीअरेजमधील, म्हणजे जहाजाच्या खालच्या भागात स्वस्त तिकिटावर दाटीवाटीने प्रवास करणाऱ्या, चिनी माणसांची केवळ संख्या देत. आग दोघांच्या याद्यांना सारखीच लागली. नंतर उरलेल्या कागदांत एकाचे नाव राहिले आणि दुसरा आकड्यात मिसळून गेला. ज्या कुटुंबाचा पूर्वज १८६० च्या दशकात आला, त्याला अभ्यासक फार तर एखाद्या जहाजाचे नाव आणि त्या दिवशी उतरलेल्या चिनी माणसांची संख्या दाखवू शकतो. हे उत्तर वारंवार द्यावे लागणे हा या कामाचा सर्वांत जड भाग आहे आणि सवयीने तो हलका होत नाही.

नावे मोठ्या संख्येने दिसू लागतात ती ६ मे १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्यानंतर. या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास दहा वर्षांची बंदी घातली. मात्र आधीपासून तेथे राहणारा मजूर तात्पुरता मायदेशी जाऊ इच्छीत असेल, तर जकात अधिकाऱ्याने जहाजावर जाऊन त्याचे नाव, वय, व्यवसाय, शेवटचे राहण्याचे ठिकाण आणि शरीरावरील खुणा नोंदवहीत लिहाव्यात व त्याला परतीचा दाखला द्यावा, अशी तरतूद केली. येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने चिनी प्रवाशांची वेगळी यादी द्यावी, असेही त्यात होते. सॅन फ्रान्सिस्कोत उतरलेल्या चिनी प्रवाशांच्या १८८२ ते १९१४ या काळातील अशा याद्या ३२ मायक्रोफिल्म रिळांवर जतन झालेल्या आहेत, आणि या विषयात उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या रिळांसमोर बसावेच लागते.

अशा एका पानाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे असते. वर जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव, सुटल्याचे बंदर आणि पोहोचल्याची तारीख. खाली डावीकडे अनुक्रमांक आणि दाखल्याचा क्रमांक, मग रोमन लिपीत नाव, वय, धंदा, पुढे उंची, वर्ण आणि खुणा. धंद्याच्या रकान्यात मजूर, स्वयंपाकी, धोबी, व्यापारी असे चार-पाचच शब्द आळीपाळीने येतात, आणि एकदा ‘मजूर’ लिहून झाल्यावर लेखनिकाने खाली पानाच्या शेवटपर्यंत ‘सदर’ची चिन्हे ओढलेली असतात, त्यामुळे त्या रकान्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. खुणांचा रकाना मात्र लेखनिकाला आळसाने भरता येत नव्हता, कारण माणूस ओळखण्याचा सगळा भार त्याच्यावर होता. कपाळावरचा व्रण, डाव्या गालावरचा तीळ, देवीचे वण, अर्धे तुटलेले बोट अशा नोंदी तेथे सापडतात. हे पान वाचणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहतात. ही झडती अपमानकारक होती, कारण युरोपातून येणाऱ्या प्रवाशाच्या अंगावरचे व्रण त्या काळी कोणी मोजत नव्हते. आणि तरीही खाणीत, रेल्वेमार्गावर किंवा शेतावर राबलेल्या त्या शरीराचा दुसरा कोणताही वृत्तान्त आज उपलब्ध नाही. ज्या कायद्याने ही माणसे नको म्हटली, त्याच कायद्याने त्यांना नावानिशी कागदावर आणले, हे सत्य पचवणे सोपे नाही, आणि ते सौम्य करून सांगण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे.

नावांच्या बाबतीत नवख्या वाचकाची फसगत ठरलेली असते. चिनी नावात आडनाव आधी आणि व्यक्तिनाव नंतर येते. पाश्चात्त्य लेखनिक शेवटचा शब्द आडनाव समजून तो पुढे आणत असे किंवा तीनही शब्द ऐकू येतील तसे सलग लिहीत असे. कँटोनी बोलीत जवळिकीने हाक मारताना नावाआधी ‘आ’ लावण्याची पद्धत असल्यामुळे ‘आ सिंग’, ‘आ की’ अशी हजारो नावे याद्यांत आली आणि पुढे सूची करणाऱ्यांनी ‘आ’ हेच आडनाव धरून ती एकत्र लावली. लग्नपत्रिकांवरून सर्व वरांची सूची ‘चि.’ या अक्षराखाली करावी, तसाच हा प्रकार झाला. त्यातही उच्चाराचा प्रश्न आहेच. एकाच चिनी अक्षराने लिहिले जाणारे आडनाव कँटोनी माणसाच्या तोंडी चॅन, तैशान भागातील माणसाच्या तोंडी चिन, फुजियान प्रांतातील माणसाच्या तोंडी टॅन आणि उत्तरेकडील उच्चारात चेन होते, त्यामुळे सख्ख्या चुलत्यांची आडनावे दोन बंदरांत दोन प्रकारे नोंदली गेल्याची शक्यता कायम मनात ठेवावी लागते. शिवाय पुरुषाचे घरचे नाव वेगळे, लग्नाच्या वेळी मिळणारे नाव वेगळे आणि दुकानदार असेल तर लोक त्याला दुकानाच्या नावानेच ओळखत. गावातील वंशावळीच्या वहीत, म्हणजे कुळाच्या पिढ्यांची नावे क्रमाने लिहिलेल्या ग्रंथात, जे नाव सापडते ते यादीत सापडले नाही, एवढ्यावरून माणूस आलाच नाही असे म्हणता येत नाही.

वयाच्या नोंदीतही असाच फरक पडतो. चिनी रीतीने मूल जन्मतःच एक वर्षाचे मानले जाते आणि चांद्र नववर्षाला त्याचे वय एकाने वाढते, म्हणून यादीतील वय पाश्चात्त्य हिशेबापेक्षा एक किंवा दोन वर्षांनी अधिक असणे स्वाभाविक आहे. स्त्रियांच्या नोंदी अत्यल्प आहेत. १८७५ च्या पेज कायद्यानंतर अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्या चिनी स्त्रीला हाँगकाँगमधील अमेरिकी वकिलातीत चारित्र्याविषयी चौकशीला तोंड द्यावे लागे, आणि त्या चौकशीच्या धास्तीने कित्येक जणी निघाल्याच नसाव्यात असे मानायला जागा आहे. ज्या आल्या त्यांचे नाव यादीत बहुधा माहेरच्या आडनावापुढे ‘शी’ लावून, म्हणजे ‘अमक्या कुळातील स्त्री’ एवढ्याच अर्थाने, लिहिलेले असते. तिचे स्वतःचे नाव त्यात नसते.

याद्या आणि सरकारी आकडेवारी यांच्यातील तफावत हा या कामातील आणखी एक विलक्षण अनुभव आहे. बहिष्कार कायदा लागू होण्याची चाहूल लागल्यामुळे १८८२ या वर्षात ३९,५७९ चिनी अमेरिकेत आले. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, सरकारी तक्त्यात चिनी स्थलांतरितांची संख्या केवळ १० दाखवलेली आहे. परंतु त्याच वर्षाच्या जहाजयाद्या उघडल्या तर चिनी नावांची पानेच्या पाने समोर येतात, कारण परतीचा दाखला घेऊन आलेला जुना रहिवासी ‘स्थलांतरित’ या व्याख्येत बसत नव्हता आणि म्हणून तक्त्यात मोजला जात नव्हता. महासागर ओलांडणे हे या लोकांसाठी एकदाच घडणारे प्रस्थान नव्हते. लग्नासाठी, मुलाचे तोंड पाहण्यासाठी, आईवडिलांच्या उत्तरकार्यासाठी ते जात आणि पुन्हा येत, हे आकडेवारीतून नव्हे तर याद्यांतूनच कळते.

या ये-जा करणाऱ्यांवर १ ऑक्टोबर १८८८ रोजी मंजूर झालेल्या स्कॉट कायद्याने घाला घातला. या कायद्याने आधी दिलेले परतीचे सर्व दाखले रद्द केले, आणि त्या वेळी असे सुमारे वीस हजार दाखलेधारक अमेरिकेबाहेर होते असे मानले जाते. चे चॅन पिंग हा सॅन फ्रान्सिस्कोत १८७५ पासून राहणारा मजूर जून १८८७ मध्ये रीतसर दाखला घेऊन ‘गेलिक’ जहाजाने मायदेशी गेला. परतताना तो ७ सप्टेंबर १८८८ रोजी हाँगकाँगहून ‘बेल्जिक’ जहाजावर चढला आणि ८ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. कायदा झाला तेव्हा तो समुद्रावर होता. त्याला उतरू दिले गेले नाही, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १८८९ मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. या निकालाचे कायदेशीर परिणाम मोठे आहेत व त्यांची चर्चा इतरत्र पुष्कळ झाली आहे. जहाजयादी वाचणाऱ्याला त्यातून मिळते ती एक कसोटी. १८८८ च्या ऑक्टोबरात पोहोचलेल्या कोणत्याही जहाजाची यादी हातात आली की नावाशेजारचा दाखल्याचा क्रमांक पाहताना त्या माणसाने हा कागद महिनाभर किती विश्वासाने जपला असेल याची जाणीव ठेवावी लागते. कारण यादीत नाव असणे म्हणजे किनाऱ्यावर उतरणे नव्हे. कित्येकांना जहाजावरच किंवा कंपनीच्या धक्क्यावरील कोठडीवजा इमारतीत ठेवले जाई, हजारोंनी सुटकेसाठी न्यायालयात अर्ज केले, आणि माणसाचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी यादीवरून न्यायालयाच्या दफ्तराकडे जावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ जहाजाने परतला तेव्हा त्यालाही असेच अडवले गेले होते. तेथे जन्मलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक ठरते हा १८९८ चा निकाल त्याच्याच खटल्यातील आहे.

क्यूबा आणि पेरू यांच्याकडे गेलेल्या जहाजांच्या याद्या वाचण्यासाठी वेगळी मानसिक तयारी लागते. ३ जून १८४७ रोजी ‘ओकेंदो’ हे जहाज अमॉयहून हवानाला पोहोचले तेव्हा निघालेल्या २१२ जणांपैकी २०६ जिवंत होते. पुढील २७ वर्षांत सव्वा लाखाहून अधिक चिनी मजूर आठ वर्षांच्या कराराने, महिना चार पेसो मजुरीवर, क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, आणि त्यांतील बरेच जण फसवून किंवा पळवून आणलेले होते. यांपैकी मोठा हिस्सा मकाऊहून सुटला. (हे पोर्तुगीज ठाणे १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते, मजुरांचा हा व्यापार भरभराटीला आला तो त्यानंतर, आणि १८७४ मध्ये तो बंद झाला.) येथील यादी ही जवळपास मालाची पावती आहे; तिच्यात माणसाला क्रमांक आहे आणि हवानात उतरल्यावर त्याला ‘होसे’सारखे स्पॅनिश नाव मिळाले की मूळ नावाचा धागा तुटतो. या मार्गावरचा अधिक मोलाचा कागद म्हणजे स्पॅनिश व चिनी अशा दोन भाषांत छापलेला करारनामा, कारण त्यावर नाव चिनी अक्षरांत असते. चीन सरकारने १८७४ मध्ये चेन लानपिन यांच्या नेतृत्वाखाली क्यूबाला पाठवलेल्या चौकशी मंडळाने मजुरांच्या १,१७६ जबान्या घेतल्या, त्या वाचल्याशिवाय या याद्यांवर काही लिहू नये असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. फसवणुकीची, मारहाणीची आणि समुद्रात उडी घेणाऱ्या सोबत्यांची जी हकीकत त्या जबान्यांत आहे, तिची एक ओळही यादीच्या रकान्यांत मावलेली नाही.

मराठी वाचकाला याच्याशी ताडून पाहता येईल असे एक दफ्तर मॉरिशसमध्ये आहे. कराराने तेथे गेलेल्या हिंदी मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते, आणि त्यांच्या नोंदवह्यांत क्रमांक व जहाजाबरोबरच जात, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते. लेखन कितीही अशुद्ध असले तरी त्या आधारावर आजचा मॉरिशसचा मराठी माणूस आपल्या कोकणातील किंवा देशावरील मुळाचा माग काढू शकतो. अमेरिकेच्या चिनी याद्यांत मूळ ठिकाणाच्या जागी बहुतेक वेळा केवळ ‘चीन’ असते, कारण मजूर कोणत्या गावचा हे जाणून घेण्यात त्या सरकारला रस नव्हता. याउलट कॅनडाने १८८५ मध्ये चिनी माणसावर ५० डॉलरचा डोईकर बसवला, १९०३ पर्यंत तो ५०० डॉलरपर्यंत नेला, आणि कर भरणाऱ्यांच्या नोंदवहीत जन्मगावाचाही रकाना ठेवला. अठ्ठ्याण्णव हजारांहून अधिक नोंदींची ही वही अन्यायाचा हिशेब आहे. तरीही सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या माणसाचे गाव शोधताना त्याच्या कॅनडात गेलेल्या भावाची नोंद उपयोगी पडल्यास आश्चर्य वाटू नये.

आता या याद्या संगणकावर येत आहेत, नावे टंकित होत आहेत आणि जे काम पूर्वी रिळे फिरवत होई ते क्षणात होऊ लागले आहे, याचा आनंदच आहे. मात्र एक हानी यात नकळत होते आहे. मूळ यादीत माणसे ज्या क्रमाने लिहिली गेली तो क्रम बहुधा तिकिटे काढल्याचा किंवा रांगेत उभे राहिल्याचा क्रम होता, आणि एका गावची, एका कुळाची, एकाच दुकानदाराने जामीन राहून पाठवलेली माणसे शेजारी शेजारी उभी राहत. म्हणूनच लागोपाठच्या सहा-सात ओळींत एकच आडनाव आणि जवळजवळचे दाखला क्रमांक दिसले तर ते एकत्र निघालेले नातलग असण्याचा संभव मोठा असतो, आणि जेथे गावाचा रकानाच नाही तेथे शेजारची नावे हाच गावाचा पुरावा ठरतो. वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीत हे शेजार मोडतात. म्हणून अशा नोंदींची सूची करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग त्या नोंदी चिनी मजुरांच्या असोत की हिंदी, जहाजाचे नाव आणि तारीख यांच्याबरोबर मूळ पानाचा व ओळीचा क्रमांक प्रत्येक नावासमोर द्यावा, लेखनिकाने लिहिलेले नाव चुकीचे वाटले तरी न बदलता तसेच ठेवावे, आणि शुद्ध रूप माहीत असेल तर ते वेगळ्या रकान्यात नोंदवावे.